टायर कशाने मरतो?

आमच्या कराडच्या दुकानात टायर घ्यायला आलेला माणूस आधी भाव विचारतो आणि मग विचारतो, "किती पळेल?" भाव माझ्याकडे छापील असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नसतं, गिऱ्हाइकाच्या गाडीखाली असतं. म्हणून बोलण्याआधी मी गाडीभोवती एक फेरी मारतो. उतरवायला आलेले चारही टायर बघतो, जमलं तर स्टेपनीही. समोरच्याला वाटतं, हा जुन्या मालाची किंमत काढतोय. पण नव्या टायरबद्दल जे सांगायचं असतं, ते बहुतेक सगळं जुन्यांवरच लिहिलेलं असतं.

ही सवय वडिलांच्या काळातली. तेव्हा आमच्याकडे रिमोल्डचं काम चाले. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं तर आधी केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, आतून-बाहेरून तपासावा लागे. सांगाडाच खचलेला असेल तर वर कितीही चांगलं रबर घाला, पैसा पाण्यात. तो धंदा पुढे बंद केला, पण टायर नेमका कशाने गेला हे ठरवल्याशिवाय दुसरा विकायचा नाही, ही शिस्त राहिली.

टायर तीन तऱ्हांनी मरतो. एक, म्हातारा होऊन: नक्षी झिजत झिजत गोटा होतो. दुसरं मरण जखमेचं: दगडाचा काप, खड्ड्यात बसलेला दणका, कडेला आलेला फोड. तिसरं जन्मदोषाचं: कारखान्यातच आतले थर नीट चिकटलेले नसतात किंवा बांधणीत काही राहून गेलेलं असतं. हे तिसरं मरण आता क्वचितच बघायला मिळतं. टिकाऊ ऑल-टेरेन टायर कसा निवडायचा आणि वॉरंटीचा कागद कसा वाचायचा, हे दोन्ही मला या वर्गवारीतूनच उलगडत गेलं.

ऑल-टेरेन टायरची खरी ओळख आम्हाला पवनचक्क्यांनी करून दिली. पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवड्याचं पठार आहे. तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या देखभालीसाठी माणसं, ऑइलचे डबे, हत्यारांच्या पेट्या घेऊन जीपगाड्या रोज वर जाऊ लागल्या. बहुतेक बोलेरो. एका ठेकेदाराची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तो वैतागलेला होता. कंपनीच्या गाडीबरोबर आलेले टायर निम्म्यातच बदलायची पाळी आली होती.

मी गेज लावला. आमच्या धंद्यात नक्षीच्या खोलीला एनएसडी म्हणतात. मधल्या खाचेत साडेचार मिलिमीटर भरले. कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, म्हणजे झिजेच्या हिशेबाने बरंच आयुष्य शिल्लक होतं. पण कडेच्या ठोकळ्यांचे कोपरे तुटून गेले होते. जिथे रबराचा तुकडा उडाला होता तिथे झिजल्यासारखा गुळगुळीतपणा नव्हता, फाटल्याचा खडबडीतपणा होता. साइडवॉलवर तिरके काप होते. त्यातला एक बोटाने फाकवला, तर आतला पांढरट धागा दिसला. चारही टायरच्या खाचांत फोडलेल्या काळ्या खडीचे कोनेरी तुकडे घट्ट बसलेले.

"शेठ, हे टायर झिजून गेलेले नाहीत. यांना दगडांनी मारलंय," मी म्हणालो.

"मग जास्त मायलेजवाला दे की."

इथेच बहुतेकांची गल्लत होते. जास्त पळणारा टायर म्हणजे हळू झिजणारा टायर. ज्याचा टायर झिजण्याआधीच फाटतो, त्याला हळू झिजणाऱ्या टायरचा उपयोग काय? त्याला हवा होता फाटायला कठीण असलेला टायर. या दोन गुणांचं एकमेकांशी फारसं सख्य नसतं. रबराचं मिश्रण, ठोकळ्यांचा आकार, खाचांची रुंदी, साइडवॉलची जाडी यांत एकीकडे थोडं वाढवलं की दुसरीकडे थोडं सोडावं लागतं.

ऑल-टेरेन हा प्रकार अमेरिकेतल्या पिकअप आणि जीपगाड्यांसाठी घडला. बीएफगुडरिच कंपनीने 1976 मध्ये रेडियल ऑल-टेरेन टायर बाजारात आणला, आणि डांबरावरही चालेल, मातीतही चालेल अशा टायरचा तो नमुना ठरला. आपल्याकडे जीपवाले, शेतकरी आणि डोंगरात हिंडणारे हौशी लोक असे टायर आधीपासून वापरत होते. पण 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार आली आणि 'एटी' ही दोन अक्षरं कॉलेजच्या पोरांच्याही तोंडी बसली.

साध्या रस्त्याच्या टायरची, म्हणजे एचटीची, नक्षी नवी असताना साधारण आठ मिलिमीटर खोल असते. एटीची दहा-बारा, काहींची त्याहून जास्त. समोरचा लगेच हिशेब करतो: रबर जास्त, म्हणजे आयुष्य जास्त. तसं होत नाही. एटीचे ठोकळे उंच आणि सुटे असतात. मातीत ते रुततात, मधल्या रुंद खाचा चिखल बाहेर टाकतात, हे बरोबर. पण डांबरावर तोच उंच ठोकळा ब्रेक मारताना, वळताना मुडपतो, घासतो, तापतो. शिवाय खाचा रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि तेवढ्याच रबरावर गाडीचं सगळं वजन. त्यामुळे निव्वळ डांबरावर चालणाऱ्या गाडीत चांगला एचटी पुष्कळदा एटीपेक्षा जास्त पळतो.

एटी झिजतोही वेगळ्या तऱ्हेने. टायरवरून एका दिशेने तळवा फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची मागची कड बोटांना लागते. गाडीत मग गुरगुर ऐकू येते आणि लोक बेअरिंग गेलं म्हणून मेकॅनिककडे जातात. वेळेवर टायर मागे-पुढे फिरवले असते तर ती गुरगुर उशिरा आली असती.

पठारावरच्या त्या गाडीसाठी मी तीन गोष्टी बघून टायर काढला. पहिली, लोड इंडेक्स. टायरच्या मापानंतर आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ 112एस. 112 म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त 1,120 किलो भार आणि एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरची वेगमर्यादा. कंपनीने गाडीला ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली कधी जायचं नाही. माणसं आणि लोखंड भरून घाट चढणाऱ्या गाडीला तर नाहीच नाही. दुसरी गोष्ट बांधणी. मापाआधी एलटी लिहिलेले टायर हलक्या मालगाड्यांच्या हिशेबाने बांधलेले असतात. सांगाडा दणकट, साइडवॉल सहसा जाड. टायरवरचा पीआर हा आकडाही ताकदीचा दर्जा सांगतो. आठ पीआर म्हणजे आत मोजून आठ थर, असं आता राहिलेलं नाही. तिसरी गोष्ट खांद्याची. नक्षी जिथे संपते आणि साइडवॉल सुरू होते, तिथे ठोकळे खाली उतरलेले आणि खाचांच्या तळाशी दगड बाहेर ढकलणारे उंचवटे आहेत का, हे बघायचं. खाचेत अडकलेली खडी प्रत्येक फेऱ्याला आत रुतत जाते आणि एक दिवस खालच्या तारेपर्यंत पोहोचते.

याची किंमत मोजावी लागते, तीही मी आधीच सांगतो. दणकट टायर जड असतो, डिझेल थोडं जास्त पितो, खड्ड्यात जास्त आदळतो, ओल्या डांबरावर चांगल्या एचटीइतका पटकन थांबेलच असं नाही. ठेकेदाराने ऐकलं आणि घेतले.

दुसऱ्या टोकाला पुण्याहून गावी येणारा एक तरुण. छोटी एसयूव्ही, टायर वेळेवर बदलायला आणलेले. काप नाही, फोड नाही, दोन्ही खांदे आणि मधला भाग सारखा झिजलेला, झिजेच्या खुणेला जेमतेम टेकलेला. असा टायर बघितला की बरं वाटतं. मालकाने हवा सांभाळली, अलाइनमेंट सांभाळलं.

"काका, एटी टाकायचेत. जास्त टिकतात म्हणे."

"तुझा टायर म्हातारा होऊन गेलाय. त्याला कोणी मारलेलं नाही. मग चिलखत कशाला?"

त्याने खरं काय ते सांगितलं. गाडी दणकट दिसायला हवी होती. दिसण्यासाठी घ्यायलाही माझी हरकत नसते, पैसा त्याचा. फक्त टिकतील म्हणून घेतोय अशी स्वतःची समजूत करून घेऊ नये. हिशेबापुरते आकडे धरू. समजा एचटी 6,500 रुपयांचा आणि एटी 9,000 चा. डांबरावर एचटी 60,000 किलोमीटर आणि एटी 45,000 पळाला, तर एका टायरचा खर्च किलोमीटरला अनुक्रमे 11 आणि 20 पैसे पडतो. तेच पठारावर एचटी 20,000 ला फाटला आणि एटी 40,000 ला उतरवला, तर एचटी साडेबत्तीस पैशांना आणि एटी साडेबावीस पैशांना पडतो. महाग आणि स्वस्त दोन्ही रस्त्यावर ठरतं.

वॉरंटीचा धडा मला टेक्सासमधून मिळाला. माझा भाचा ह्यूस्टनला असतो. त्याने पिकअप घेतला आणि टायर बदलताना मला फोन केला. "मामा, इथे 50,000 मैलांची वॉरंटी देतात. आपल्याकडे कोणी लेखी किलोमीटर देत नाही, असं का?" त्याला दाखवलेला टायर बीएफगुडरिचचा केओ 2 होता आणि त्यावर 50,000 मैलांची, म्हणजे साधारण 80,000 किलोमीटरची ट्रेडवेअर वॉरंटी होती. मी म्हणालो, आकडा राहू दे, खालचा बारीक मजकूर पाठव.

अशा कागदांतला मजकूर कंपनीगणिक थोडा बदलतो, पण गाभा एकच. टायर ज्याने घेतला त्यालाच आणि ज्या गाडीला बसवला त्याच गाडीवर वॉरंटी. टायर ठरलेल्या अंतराने, सहसा दर पाच ते आठ हजार मैलांच्या आत, फिरवल्याच्या पावत्या हव्यात. झीज सगळीकडे सारखी हवी. एका बाजूने खाल्लेला टायर म्हणजे गाडीचा दोष. मुदत बहुधा सहा वर्षांची. दगडाचे काप, खड्ड्याचा दणका, कमी हवेवर चालवणं यांतलं काही धरलं जात नाही. धंद्याच्या गाड्या बहुतेक ठिकाणी वगळलेल्या. आणि या सगळ्यांतून पार पडलात तरी पूर्ण पैसे नाहीत. 50,000 मैलांचा टायर 40,000 ला सारखा झिजून खुणेला टेकला, तर न पळालेल्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे 20 टक्के, सूट. तीही नवा टायर त्याच कंपनीचा घेतलात तर.

भाच्याचा पुढचा प्रश्न टायरवरच्या 'ट्रेडवेअर' आकड्याचा होता. हा आकडा अमेरिकी सरकारच्या दर्जापद्धतीतला. त्याची चाचणी त्याच्याच राज्यात, सॅन अँजेलो गावाजवळ होते. 400 मैलांचा ठरलेला रस्ता, त्यावर गाड्यांचा ताफा एकूण 7,200 मैल चालवतात. ताफ्यात एक तुलनेचा टायर असतो आणि बाकीच्यांची झीज त्याच्याशी ताडून बघतात. 400 आकडा म्हणजे 100 आकड्याच्या टायरच्या चौपट, त्या रस्त्यावर आणि त्या ताफ्यात. आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते आणि त्याला कशाने गुणलं की किलोमीटर निघतात, असं काही सूत्र नाही. मुख्य म्हणजे एलटी टायर आणि खोल नक्षीचे टायर या पद्धतीतून वगळलेले आहेत. पठारावर चालणाऱ्या दणकट एटीवर हा आकडा शोधत बसलात तर सापडायचा नाही, आणि तो नाही म्हणून टायर हलक्या दर्जाचा ठरत नाही.

आपल्याकडे वॉरंटी वेगळ्या मरणाची असते. किलोमीटरचं वचन सहसा नसतं. मुदत असते, आणि ती उत्पादनदोषापुरती. तिथेही हिशेब उरलेल्या नक्षीवर. नव्या टायरची नक्षी दहा मिलिमीटर होती आणि सहा असताना दोष निघाला असं धरा. 1.6 च्या खुणेपर्यंतचं रबरच कामाचं मानणारी कंपनी म्हणेल: वापरायचे 8.4, उरले 4.4, म्हणजे 52 टक्के. 9,000 च्या टायरवर सुमारे 4,700 रुपये. पूर्ण दहा धरणारी कंपनी साठ टक्के, म्हणजे 5,400 देईल. क्लेम टाकताना यातली कोणती रीत आहे हे विचारून घ्यावं. काही कंपन्या ठरावीक टायरवर, ठरावीक मुदतीपुरती, काप-फोडही धरणारी 'अनकंडिशनल' वॉरंटी देतात. त्यासाठी सहसा टायर घेतल्यावर लगेच नोंदणी करावी लागते, आणि बिल घडी घालून खिशात घातल्यावर ती राहून जाते.

साइडवॉलवर फोड घेऊन आलेला माणूस हमखास म्हणतो, "टायरच खराब दिला." मी वाद घालत नाही. टायर डिस्कवरून उतरवतो, आत टॉर्च मारतो आणि त्यालाच वाकून बघायला लावतो. बाहेर जिथे फोड आहे, त्याच जागी आतल्या अस्तरावर एक बारीक, चिरल्यासारखी रेघ असते. खड्ड्याच्या काठावर टायर डिस्क आणि दगड यांच्यात चिरडला आणि आतले धागे तुटले. धागे तुटले की हवा साइडवॉल तिथून बाहेर ढकलते. कधी आत काळी भुकटी सापडते आणि कडेने गोल वळी उठलेली असते. ते कमी हवेवर बराच वेळ चालवल्याचं लक्षण. कंपनीचा इन्स्पेक्टर नेमकं हेच बघतो. एखाद्या टायरला असं काहीच नसतं आणि नक्षीखालचा थर सुटून वर आलेला असतो. तो क्लेम मी स्वतः पाठपुरावा करून पास करून घेतो, कारण तो खरा जन्मदोष.

तर अमेरिकेचा कागद म्हातारपणाचे पैसे देतो, आपला कागद जन्मदोषाचे. आमच्या भागातले एटी बहुतेक जखमेने जातात, आणि जखमेला दोन्हीकडे सहसा काही मिळत नाही. हे एकदा ध्यानात आलं की वॉरंटीचा आकडा मोठा म्हणून टायर घ्यायचा मोह आपोआप कमी होतो. भाच्याचं मात्र वेगळं. तो रोज हायवेवर, त्याचा टायर म्हातारपणीच जाणार. त्याला मी सांगितलं, तो कागद तुझ्या कामाचा आहे, फक्त पावत्या जपून ठेव.

आमच्याकडे आता बिलावर तीन गोष्टी हाताने लिहून देतो: मीटरचं रीडिंग, बसवतानाचा एनएसडी आणि टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड. 2324 म्हणजे 2024 सालातला 23 वा आठवडा. दुकानात पडून असलेला जुना माल नव्या भावात कोणी गळ्यात मारला, तर हे चार आकडे सांगतात. दर सात-आठ हजार किलोमीटरला टायर फिरवताना त्याच बिलावर नवा एनएसडी लिहायचा. स्टेपनी त्याच मापाची आणि नक्षीची असेल तर तिलाही पाळीत घ्यायचं. फोर-बाय-फोर गाडीत तर चारही टायर सारख्या झिजेचे हवेतच. एक नवा आणि तीन जुने घालून कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावली, तर टायरच्या घेरातल्या फरकाचा ताण गिअरपेटीवर येतो. दोन नोंदी झाल्या की एका मिलिमीटरला गाडी किती पळते ते निघतं. तो आकडा त्या गाडीचा, त्या ड्रायव्हरचा आणि त्या रस्त्याचा असतो. छापील वॉरंटीपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा.

त्या नोंदींतून ठेकेदाराला आणि मला एक गोष्ट कळली. कायदा 1.6 पर्यंत टायर चालवू देतो आणि वॉरंटीचा हिशेबही त्याच आसपास संपतो. पण एटी ज्यासाठी घेतला, ती चिखलातली पकड त्याच्या खूप आधी संपते. चार मिलिमीटरच्या आसपास आलेला एटी पावसात पठारावर चढताना जागच्या जागी फिरू लागतो. त्यापुढे तो फक्त आवाज करणारा साधा टायर. म्हणून ठेकेदार आता मे महिन्यातच गाड्या आणतो. पाच मिलिमीटरच्या खाली आलेले, पण सांगाडा धड असलेले टायर पठारावरच्या गाड्यांचे काढून, कराड-पाटण सामान आणणाऱ्या त्याच मापाच्या गाडीला लावतो आणि नवे पठारावर जातात. ऑक्टोबरनंतर उरलेली नक्षी डांबरावर सावकाश झिजते. बऱ्याच टायरना आता म्हातारं होऊन मरता येतं. टायरच्या पैशांत याहून जास्त वसुली मला तरी माहीत नाही.